बसून बघायचं रान

पनवेल तालुक्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अ‍ॅमेझॉनच्या जंगलाच्या मधोमध वसलेल्या मनाउस शहरात पडतो साधारण तेवीसशे, आणि सिंगापूरमध्येही जवळपास तेवढाच. म्हणजे खारघरचा डोंगर पाठीशी घेऊन सिडकोच्या सेक्टरांच्या वेढ्यात उभं असलेलं ओवे गाव नुसत्या आकड्यांनी पाहिलं तर अ‍ॅमेझॉनपेक्षा जास्त भिजतं. तरी ओवे गावाच्या डोंगरावर वर्षावन नाही. गवत आहे, खुरटी झाडी आहे, फणसवाडी-चाफेवाडीसारख्या आदिवासी वाड्यांच्या आसपास थोडं रान टिकून आहे. पण भर दुपारी अंधारून यावं असं गच्च जंगल नाही.

याचं कारण पावसाच्या वेळापत्रकात आहे. मनाउसला तो कमी-अधिक करत बाराही महिने येतो. आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळतो आणि पुढचे आठ महिने आभाळ कोरडं. झाडाच्या दृष्टीने वर्षाला किती पडला यापेक्षा किती महिने काहीच पडलं नाही हे महत्त्वाचं. पान म्हणजे सतत पाणी उडवणारं इंद्रिय. जमिनीत ओल नसताना ते बाळगणं परवडत नाही. म्हणून साग, ऐन, सावर, पांगारा ही मंडळी उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकून मोकळी होतात. फक्त ओढ्याकाठच्या सावलीत किंवा माथेरानसारख्या धुक्याच्या माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा अशी वर्षभर हिरवी राहणारी झाडं तग धरतात. खरं सदाहरित जंगल बघायचं तर दक्षिणेकडे, राधानगरी-आंबोलीकडे सरकावं लागतं. ‘उष्ण कटिबंधातलं वर्षावन’ ही संज्ञा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांनी १८९८ साली रूढ केली. त्यांच्या व्याख्येत पनवेलचं रान बसत नाही.

पण चार महिने ते तसं वागतं. एप्रिलमध्ये कर्नाळ्याला गेलं तर पायाखाली सागाची वाळकी पानं कडकड वाजतात आणि उघड्या फांद्यांतून किल्ल्याचा सुळका थेट दिसतो. त्याच वाटेवर जुलैत वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. खोडांवर शेवाळाचा जाड थर, त्यात नेच्यांची कोवळी पानं, कुजक्या ओंडक्यावर पांढऱ्या-नारिंगी बुरश्या, सगळीकडे पाझर. ब्राझील-बोर्निओच्या सहलींची माहितीपुस्तकं प्रवाशाला सांगतात, शक्यतो पाऊस कमी असेल तेव्हा या. कोस्टा रिकाने तर पावसाळ्याला ‘हिरवा हंगाम’ असं नाव देऊन मे ते नोव्हेंबरचे पर्यटक मिळवायला सुरुवात केली. आपल्याला कोरडे दिवस निवडायची चैन नाही. मुंबई-पनवेलच्या माणसाला जवळपास वर्षावन अनुभवायचं असेल तर पाऊस चुकवून जाताच येत नाही, कारण पाऊस थांबला की ते जंगलही थांबतं.

मग पावसात गेलेला माणूस करतो काय? बहुतेक वेळा तो जंगलात जातच नाही. तो पाण्याकडे जातो. खारघरचा पांडवकडा, देहरंग धरणाचा गाढेश्वर परिसर, लोणावळ्याचा भुशी डॅम. शनिवार-रविवारी टोलनाक्यापासून रांग, धबधब्याखाली गर्दी, परतताना कणीस आणि भजी. यात वाईट काही नाही, भजी तर मुळीच नाही. पण हा पाण्याचा खेळ झाला. तो वॉटर पार्कमध्ये जास्त सुरक्षित होतो. दुसरा प्रकार किल्ल्यांचा. भर पावसात कलावंतिणीच्या पायऱ्या चढायच्या, धुक्यात फोटो काढायचा, उतरायचं. त्यात घाम आहे, मर्दुमकी आहे, पण सगळं लक्ष पुढच्या निसरड्या पायरीवर असतं. आजूबाजूला काय चाललंय ते कळत नाही.

माझं म्हणणं असं की पावसातलं जंगल चालून बघायचंच नसतं. ते बसून बघायचं असतं.

ही कल्पना माझ्या पदरची नाही, निदान बावीस-तेवीसशे वर्षांची जुनी आहे. बौद्ध भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने फिरायला बंदी होती. एका जागी मुक्काम करायचा, त्याला वर्षावास म्हणत. विनयपिटकात त्यामागची तक्रार नोंदली आहे. हे लोक पावसातही हिंडतात, कोवळं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात, असं लोक बोलू लागले म्हणून नियम झाला. जैन साधूंचा चातुर्मासही याच विचाराचा. सह्याद्रीत कोरलेल्या लेण्यांमधल्या भिक्खूंच्या खोल्या अशा पावसाळी मुक्कामाला उपयोगी पडत. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याला कोंडाणे आहे, मुंबईत कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. आजही दोन्हीकडे जाताना झाडीतूनच वाट आहे. कान्हेरीत खोलीबाहेर दगडात कोरलेला बाक, शेजारी पाण्याचं टाकं, समोर पावसाने भरलेली दरी. सुट्टी घालवायला आलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं? त्या भिक्खूंना मोक्ष हवा होता एवढाच फरक.

तुडवण्याची ती तक्रार जीवशास्त्राच्या दृष्टीनेही खरी आहे. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर जमिनीतून मखमली लाल मृगाचा किडा वर येतो. गोगलगायी, पैसे, खेकडे, बेडकांची नखाएवढी पिल्लं, गांडुळांसारखी दिसणारी पण बेडकांच्या नात्यातली देवगांडुळं, हे सगळे याच महिन्यांत जमिनीच्या पृष्ठभागावर असतात. वर्षातल्या कोणत्याही काळापेक्षा जुलैत आपल्या पावलाखाली जास्त जीव येतात.

ओवे गावाहून कर्नाळा वीस-पंचवीस किलोमीटर. पनवेल ओलांडून मुंबई-गोवा महामार्गाला लागलं की बारा किलोमीटरवर अभयारण्याचं दार, अगदी रस्त्याला लागून. १९६८ साली जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पक्षी अभयारण्य. तेव्हा त्याचं क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरही नव्हतं, २००३ मध्ये ते वाढवून बारा चौरस किलोमीटरच्या वर नेलं. आत दोन निसर्गमार्ग आहेत, हरियाल आणि मोरटाका. हरियाल छोटा, किलोमीटरभराचा. बसायला येणाऱ्या माणसाला तो पुरेसा आहे, किंबहुना त्यातलाही पाव भाग. किल्ल्याची वाट पावसाळ्यात कधी बंद असते, म्हणून वनखात्याच्या चौकीवर विचारूनच निघावं. बंद असेल तर हळहळू नये.

जागा निवडताना तीन गोष्टी बघाव्यात. वाटेच्या कडेलाच बसावं, झाडीत घुसू नये. ओढा ऐकू यावा, पण आपण त्याच्या पात्रात किंवा पात्राच्या पातळीला नसावं. आणि डोक्यावर वठलेली फांदी नसावी, कारण भिजून जड झालेलं लाकूड वाऱ्याशिवायही मोडतं. एक जाड प्लास्टिकचा तुकडा अंथरायचा, छत्री उघडायची आणि बोलणं बंद करायचं.

पहिली दहा मिनिटं कंटाळवाणी जातात, हे आधीच सांगून ठेवतो. मग सर येते. ती आधी कानाने येते. वरच्या पानांवर सरसर सुरू होते आणि तरी खाली आपण कोरडेच असतो. झाडांचा माथा आधी स्वतः भिजतो, पानं, फांद्या, सालीच्या भेगा ओल्या होतात, आणि मगच पाणी खाली सोडलं जातं. उष्ण प्रदेशातल्या दाट जंगलात पडलेल्या पावसाचा साधारण दहावा ते पाचवा हिस्सा जमिनीपर्यंत पोचतच नाही, पानांवरूनच पुन्हा वाफ होऊन जातो. उरलेला दोन वाटांनी उतरतो. बराचसा पानांच्या टोकांवरून ठिबकतो आणि थोडासा फांद्यांवरून खोडाकडे, खोडावरून मुळाशी ओघळतो. गुळगुळीत सालीच्या झाडावर हा ओघळ मोठ्या पावसात बोटभर जाडीचा होतो, खरबरीत सालीवर तो मधेच जिरतो. दोन शेजारची झाडं पाच मिनिटं बघितली तरी फरक दिसतो.

पानांची टोकंही बघण्यासारखी असतात. ओल्या प्रदेशातल्या अनेक झाडांच्या पानांना लांब निमुळतं शेपूट असतं. पिंपळाचं पान सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या शेपटावरून पाणी झटकन निथळतं आणि पान लवकर कोरडं होतं, असं मानतात. ओल्या पानावर बुरशी-शेवाळ धरायला वेळ लागत नाही. सागाचं मात्र उलटं. त्याचं पान मोठं, खरखरीत. त्यावर बारीक थेंब एकत्र येतात आणि टपोरा थेंब होऊन खाली पडतात. सागाची उंची भरपूर असेल आणि खाली झुडूप नसेल तर हे थेंब उघड्यावरच्या पावसापेक्षा जास्त जोराने जमीन उखणतात. म्हणून सागाच्या नुसत्या लागवडीत, खालचं रान साफ केलेलं असेल तर, माती वाहून जाते. डोळे मिटूनही साग ओळखता येतो तो या टपटपीवरून. पाऊस थांबल्यावर रस्त्यावरचा माणूस छत्री मिटतो, पण झाडाखालच्याला अजून बराच वेळ पाऊस असतो.

वासाबद्दल एक गैरसमज आहे. मृगाच्या पहिल्या सरीला येतो तो मातीचा वास वेगळा, जंगलात जुलैत येतो तो वेगळा. पहिल्याचा शास्त्रीय अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ साली प्रसिद्ध केला. कोरड्या दगडामातीत साठलेली वनस्पतींची तेलं पावसाने मोकळी होतात, असं त्यांनी दाखवलं. कनौजचे अत्तरवाले हा वास त्याच्या कितीतरी आधीपासून कुपीत भरत होते. जुलैतल्या रानाचा वास जास्त खोल, कुजट-गोड असतो. त्यातला मोठा वाटा जिओस्मिन या द्रव्याचा. ते मातीतले स्ट्रेप्टोमायसिस गटातले जीवाणू तयार करतात. आपल्या नाकाला ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात कळतं की प्रयोगशाळेतल्या यंत्रांनाही स्पर्धा वाटावी. २०२० मध्ये संशोधकांनी दाखवलं की या वासाकडे पालापाचोळ्यातले उड्या मारणारे बारीक जीव ओढले जातात, जीवाणू खातात आणि त्यांची बीजं अंगावर घेऊन दुसरीकडे नेतात. आपल्याला रोमँटिक वाटणारा वास मुळात कोणाला तरी दिलेलं जेवणाचं आमंत्रण आहे.

सर ओसरली की पक्षी बोलू लागतात. ओढ्याच्या बाजूने शीळ ऐकू आली, कोणी रिकामटेकडा पोरगा तोंडाने गाणं जुळवतोय असं वाटलं, तर तो शीळकरी कस्तूर. निळा-काळा, कपाळावर चकचकीत निळी पट्टी. पावसाळा हा त्याचा विणीचा काळ, पहाटे उजाडायच्या आधी तो सर्वांत जास्त गातो. त्याच्या सुराची पट्टी उंच, त्यामुळे ओढ्याच्या घोंगावण्यातही ती बुडत नाही. भृंगराज दोन लांब शेपट्या लोंबवत इकडून तिकडे जातो आणि दुसऱ्यांचे आवाज काढून चकवतो. नवरंग मेअखेरीपासून येऊन पोचलेला असतो. तो दिसतो कमी, दोन सुरांची शीळ घालतो जास्त.

आणि तिबोटी खंड्या. जेमतेम पाच इंचांचा पक्षी, जांभळा, नारिंगी, पिवळा, लाल चोचीचा. हे रंग खरे आहेत यावर पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. बरेच खंड्ये मासे खातात म्हणून पाण्याजवळ राहतात, हा जंगलात राहतो. जूनमध्ये पावसाबरोबर कोकणात येतो, ओढ्याकाठच्या ओल्या मातीच्या उभ्या दरडीत नर-मादी मिळून बोगदा खणतात, आत अंडी घालतात. पिल्लांना पाली, सापसुरळ्या, बेडूक, छोटे खेकडे भरवतात. पावसाशिवाय त्याचं घर होत नाही, कारण कोरडी दरड त्या चोचीला खणता येत नाही, आणि पिल्लांचं खाणंही पावसातच मुबलक असतं. कर्नाळा त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तीच आता त्याची अडचण झाली आहे. घरटं सापडलं की समोर कॅमेऱ्यांची रांग लागते आणि आईबाप तोंडात पाल धरून लांब फांदीवर ताटकळतात. बसून बघण्याचा नियम इथे मोडतो. घरट्यासमोर बसायचं नाही. दरडीत ताजं भोक आणि खाली माती दिसली तर उठून पुढे जायचं. ओढ्यावरच्या आडव्या फांदीवर तो सहज येऊन बसला तर नशीब.

बेडकांसाठी कर्नाळ्यापर्यंत जायचीही गरज नाही. तळोज्याकडे जिथे भातखाचरं उरली आहेत तिथे जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रात्री कानठळ्या बसतात. मोठ्या बेडकाचे नर त्या दिवसांत लिंबासारखे पिवळेधम्मक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवतात. हा रंग थोड्या दिवसांचा. एकेकाळी याच बेडकांचे पाय परदेशी हॉटेलांत जात. १९८७ मध्ये भारताने ती निर्यात बंद केली. याच सुमाराला मासे प्रवाहाविरुद्ध खाचरांत चढतात आणि वलगणीच्या माशांसाठी आगरी गावांतली माणसं रात्री बत्ती घेऊन बाहेर पडतात. खाचराच्या बांधावर उभं राहून हे बघायला हरकत नाही. बांध मात्र तुडवून फोडू नये, दुसऱ्याच्या वर्षभराच्या भाताचा प्रश्न असतो.

कधी जावं, याला माझं उत्तर जुन्या पंचांगाचं. जून-जुलै या शब्दांपेक्षा नक्षत्रं रानाशी जास्त जुळतात, कारण ती तेरा-चौदा दिवसांची असतात आणि रान साधारण तेवढ्या वेळात बदलतं. मृग लागतो ७-८ जूनला. तेव्हा काजवे संपत आलेले असतात, मृगाचे किडे आणि बेडूक सुरू. आर्द्रा, पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे २१-२२ जूनपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतचा काळ सर्वांत जास्त पावसाचा. पुनर्वसूच्या पावसाला शेतकरी तरणा म्हणतात आणि पुष्याच्याला म्हातारा. आश्लेषा-मघेत, ऑगस्टमध्ये, ऊन-पावसाचा खेळ चालतो. बसायला येणाऱ्याने हेच दिवस धरावेत. सरींमधे उघडीप मिळते, फुलपाखरं उडतात, त्यात राज्याचं फुलपाखरू ठरवलेलं निळं-काळं ब्लू मॉर्मनही असतं. तेरडा फुलू लागतो, रानहळदीचे तुरे दिसतात. नशीब असेल तर अ‍ॅटलास पतंग एखाद्या खोडाला चिकटलेला सापडतो. पंख पसरले तर वीतभराहून मोठा, आणि तोंडाचे अवयव निकामी, कारण सुरवंट असताना खाल्लं त्यावरच थोडे दिवस जगायचं असतं. उत्तरा आणि हस्तात, सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून, वाटेवर आडवी मोठी पिवळसर जाळी लागतात. त्यांच्या मधोमध पंजाएवढी कोळीण असते. डोकं वाकवून खालून जावं, जाळं तोडू नये. कारवीचं वर्ष असेल तर डोंगरउतार जांभळे होतात, पण ते सात-आठ वर्षांनी एकदाच.

सामानात छत्री पहिली. रेनकोटवर माझा राग नाही, पण हवेत नव्वद टक्के दमटपणा असताना घाम सुकत नाही आणि रेनकोटातला माणूस आतूनच भिजतो. चालणाऱ्याला किंवा दुचाकीवाल्याला तो हवा, बसणाऱ्याला छत्री बरी. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर बांबू आणि पानांचं इरलं असायचं, तेही याच हिशेबाने. वरून झाकलेलं, खालून मोकळं. जीन्स घालू नये, ती भिजली की दिवसभर वाळत नाही आणि मांड्या सोलते. पटकन वाळणारी पातळ विजार घालावी, पायात पकड असलेले पावसाळी बूट. कोरडे कपडे दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून गाडीत ठेवावेत. दुर्बीण असेल तर मोठ्या भिंगाची घ्यावी, कारण ढग आणि पानांखाली उजेड फारच कमी असतो. एसी गाडीतून दुर्बीण थेट बाहेर काढली की काच धुरकटते. म्हणून शेवटची पंधरा मिनिटं एसी बंद.

आता धोक्यांबद्दल, आणि इथे मी गंमत करणार नाही. हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पावसाला जोरदार म्हणतं, ११५.६ च्या पुढे अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत जोरदार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी घरी बसावं, रान कुठे जात नाही. सह्याद्रीचे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे आहेत, खाली काळा कातळ, पाणी मुरायला जागा नाही. वर माथ्यावर ढग फुटला की खाली ऊन असतानाही थोड्या मिनिटांत लोंढा येतो. पाणी एकदम गढूळ झालं, पाचोळा-काटक्या वाहू लागल्या, आवाज बदलला, तर सामान सोडून वर चढायचं. ३० जून २०२४ ला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं लहान मुलांसह वाहून गेली, ती अशीच. पांडवकड्यावर पोलिस आणि वनखातं पावसाळ्यात बंदी घालतात, ती मोडण्यात शौर्य नाही. दरडींचं भान त्याहून जास्त हवं. १९ जुलै २०२३ च्या रात्री पनवेलच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तिथे लोक कोणती सहल करत नव्हते, आपल्या घरात झोपले होते. सलग तीन-चार दिवस मुसळधार पाऊस झालेला असेल तर उंच उताराच्या पायथ्याशी मुक्काम करू नये, मग तो बंगला कितीही देखणा असो.

सापांची भीती लोकांना सर्वांत जास्त आणि धोका त्या मानाने कमी, कारण बसलेल्या माणसावर साप चालून येत नाही. हात टेकण्याआधी, बसण्याआधी जागा बघावी, अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. चावलाच तर हातपाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालयात. चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. पायाला जखम असेल तर साठलेल्या पाण्यात उतरू नये, लेप्टोचा ताप त्यातून येतो. आंबोली, कोयना, चांदोलीकडे गेलात तर जळवा भेटतील. चावताना दुखत नाही, सुटल्यावर रक्त थांबत नाही, कारण त्यांच्या लाळेत रक्त न गोठू देणारं द्रव्य असतं. नखाने बाजूला सरकवून काढायची, जखम धुवायची, पुढे चालायचं.

एका दिवसाने भागत नसेल तर माथेरान. सुमारे ८०० मीटर उंचीवरचं सपाट पठार, मोटारींना बंदी, २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद असते, अमन लॉज ते माथेरान एवढाच टप्पा चालतो. बरीच हॉटेलं कुलूप लावतात. जी उघडी असतात त्यांचे भाव उतरलेले असतात. व्हरांड्यात खुर्ची टाकली की धुकं आत येतं आणि चादरी दमट लागतात. त्याबद्दल व्यवस्थापकाशी भांडू नये, त्याच्या हातात काही नसतं. ज्याला खऱ्या सदाहरित रानात बसायचं आहे त्याने आंबोली गाठावी. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी तिथल्या एका भेकाला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं. रात्री पाण्यावर झुकलेल्या पानांना फेसाचा गोळा चिकटलेला दिसेल, तो उडणाऱ्या बेडकाचा. मादी पायांनी फेस घुसळून त्यात अंडी घालते, आणि पिल्लं तयार झाली की पावसाने फेस विरघळून ती थेट खालच्या डबक्यात पडतात. हे बघायला स्थानिक वाटाड्या घ्यावा. तो नुसती वाट दाखवत नाही, कुठे पाय ठेवायचा नाही हेही सांगतो.

परतताना पनवेलच्या बाजारात थांबावं. ठाकूर आणि कातकरी बाया रस्त्याच्या कडेला रानभाज्या घेऊन बसलेल्या असतात आणि आपण ज्या रानात बसलो होतो त्याची त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती असते. जूनमध्ये शेवळं असतात. ती घेतली तर सोबत काकडं मागून घ्यायचीच, कारण शेवळात सुईसारखे स्फटिक असतात, घशाला खाज सुटते, आणि काकडाच्या आंबटपणाने ती मारली जाते. वरचा पिवळट भाग काढून टाकायचा, बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं, मग कोलंबी किंवा वाल घालायचे. पुढे टाकळा येतो, कुळू येते, भारंगी येते, जुलैत कंटोळी. श्रावणाच्या आसपास वारुळावरची अळंबी मिळाली तर भाव करू नये. ती शेतात होत नाही. वाळवी आपल्या वारुळात तिची बाग करते आणि ती कोणत्या वारुळावर, कोणत्या सकाळी उगवेल हे फक्त त्या बाईला ठाऊक असतं. अनोळखी अळंबी मात्र स्वतः तोडून घरी आणू नये. विषारी कोणती हे बघून कळत नाही, विकणारीला विचारून घेतलेलीच खावी.